कोपरखैरणेकर दादा, कोन माझा चुकला. पण 350 ची स्प्रिंग मऊच आहे

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल सकाळी गाडी पुन्हा जॅकवर घेतली. उत्तराला दोन दिवस लागले ते त्यामुळे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाली केलेल्या पिकअपला कॉइलओव्हर (शॉक आणि त्याच्याभोवतीच बसणारी गुंडाळी स्प्रिंग) कसं निवडायचं यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘वहीतलं सस्पेन्शन’ म्हणालात. मडगार्डपासून जमिनीपर्यंत टेप धरला की उंची कळते, बाकीची मोजमापं वेळ खाणारी, असं तुमचं मत. शॉक तिरका बसतो आणि तो तिरकेपणा माझ्या हिशेबात कुठेच नाही, हा दुसरा आक्षेप. तिसरा असा की तुमच्या मित्राच्या पिकअपला 350 ची स्प्रिंग आहे आणि मी 100 ची सुचवतो, म्हणजे माझी साडेतीनपट मऊ, ती पहिल्याच खड्ड्यात आपटणार. शिवाय मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) तसेच ठेवून पुढेच कॉइलओव्हर लावणं तुम्हाला अर्धवट काम वाटतं. शेवटी तुम्ही विचारलंत की ठाण्याच्या रस्त्यांवर खाली केलेली गाडी चालवायचीच कशाला.

तिरकेपणापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं.

व्ही-क्रॉस घ्या किंवा हायलक्स, आपल्याकडच्या अशा पिकअपला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) असतं आणि मागे पाटे. पुढचा शॉक लोअर आर्मवर बसतो, पण चाकापाशी नाही, बराच आत. माझ्या गाडीत आर्मच्या चासीकडच्या बुशपासून (आतल्या सांध्यापासून) चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंत 400 मिमी आहेत आणि शॉकच्या बोल्टपर्यंत 240. भागाकार 0.6. म्हणजे चाक 10 मिमी वर गेलं की शॉक 6 मिमी दाबला जातो. स्प्रिंगचा जोरही चाकापर्यंत त्याच प्रमाणात घटून पोचतो. एकदा अंतरात घट, एकदा जोरात घट, म्हणून 0.6 ला 0.6 ने गुणायचं: 0.36. स्प्रिंग 100 न्यूटन प्रति मिमीची (एक मिमी दाबायला 100 न्यूटन जोर लागणारी) असेल तर चाकाला ती 36 ची जाणवते. लेखात मी इथेच थांबलो होतो.

पण माझा शॉक उभा नाही, 20 अंश आत कललेला आहे. त्या कोनाची कोसाइन 0.94. ती धरली की 0.6 चं 0.564 होतं, त्याचा वर्ग 0.318, आणि 100 ची स्प्रिंग चाकाला 36 ऐवजी जेमतेम 32 ची मिळते. बारा टक्क्यांचा फरक आहे हा. ज्या गाडीत मिलिमीटर मोजून चाल उरलेली असते, तिथे हा फरक किरकोळ म्हणून सोडता येत नाही. लेखातला आकडा आज दुरुस्त केला आहे आणि तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही केला आहे.

काल सकाळी जॅकवर जे केलं ते मूळ लेखातच असायला हवं होतं. स्प्रिंग काढून नुसता शॉक परत बोल्टवर बसवला. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवली आणि आर्मखाली जॅक लावून चाक दहा-दहा मिमी वर उचलत गेलो. दर टप्प्यावर दोन मापं घेतली: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, आणि शॉकच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत. चाक 50 मिमी चढलं तेव्हा शॉक 28 मिमी आखडला होता. 28 भागिले 50, म्हणजे 0.56. कोनमापक लागला नाही, कोसाइनही नाही. आर्म, बुश, शॉकचा कल, सगळं त्या दोन मापांत आपोआप आलं. पुढे कोणी विचारलं तर मी आर्मवर टेप धरायला सांगणार नाही, हेच करायला सांगेन.

आता तुमच्या मित्राची 350 ची स्प्रिंग. तुम्ही आकडे अचूक दिलेत, पण ते दोन वेगळ्या मापांतले आहेत. अमेरिकन स्प्रिंगवर पौंड प्रति इंच लिहितात. जपानी स्प्रिंगवर किलो प्रति मिमी. युरोपातल्यावर बहुधा न्यूटन प्रति मिमी, आणि मी लेखात तेच वापरलं होतं. एक पौंड प्रति इंच म्हणजे 0.175 न्यूटन प्रति मिमी. त्या हिशेबाने मित्राची 350 ची स्प्रिंग 61 न्यूटनची होते. माझी 100 ची. साडेतीनपट कडक तर नाहीच, उलट माझ्यापेक्षा बरीच मऊ आहे. तुलनेसाठी आणखी एक आकडा देतो: 10 लिहिलेली जपानी स्प्रिंग 98 न्यूटनची, म्हणजे अमेरिकन मापात 560 ची. एकाच ताकदीच्या तीन स्प्रिंगांवर 10, 98 आणि 560 असे आकडे असू शकतात. खोक्याशिवाय, दुसऱ्या गाडीवरून काढलेला सुटा माल घेताना हा घोटाळा नेहमी होतो, आणि दुकानदारालाही दर वेळी माहीत असतंच असं नाही.

खात्री करायची असेल तर मित्राला सांगा, स्प्रिंग कधी गाडीतून बाहेर आली तर ती सपाट फरशीवर उभी ठेवायची, वर जाड लोखंडी पट्टी ठेवायची, भिंतीचा आधार धरून वर उभं राहायचं आणि दुसऱ्याला उंची मोजायला सांगायचं. 80 किलोच्या माणसाखाली 61 न्यूटनची स्प्रिंग 13 मिमी दबेल. 100 ची फक्त 8. पाच मिमीचा फरक साध्या पट्टीवरही दिसतो.

ही मऊ स्प्रिंग मित्राला पाम बीच रोडवर छान वाटत असेल, यात मला अजिबात शंका नाही. रस्ता गुळगुळीत आहे, गाडी तरंगल्यासारखी जाते. माझी काळजी ब्रेकची आहे, आणि लेखात यावर मी पुरेसं लिहिलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

माझी गाडी मूळ उंचीवर असताना चाकाला वर जायला बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) 95 मिमी जागा होती. 50 मिमी खाली केली, उरले 45. बाकी कुठलाही आकडा विसरलात तरी चालेल, हा विसरू नका. गाडी खाली करणं म्हणजे चाकाची वरची चाल अर्ध्याहून कमी करणं. आता वजन. तळोज्याच्या वजनकाट्यावर मी आत बसलेला असताना पुढची चाकं 1,020 किलो भरली, मागची 860. पुढच्या प्रत्येक चाकामागे टायर, रिम, हब, ब्रेक आणि आर्मचा अर्धा भाग मिळून साठेक किलो वजा केले, कारण ते स्प्रिंगवर बसत नाही. स्प्रिंगच्या डोक्यावर उरतात 450 किलो.

या 450 किलोंवर आणखी किती भार आला की चाक 45 मिमी चढून बंप स्टॉपला टेकेल? मित्राच्या स्प्रिंगने, माझ्या गाडीच्या मापांत, 89 किलो. माझ्या 100 च्या स्प्रिंगने 146. आता जोरात ब्रेक मारा. जीव खाऊन नाही, समोरचा रिक्षावाला अचानक थांबल्यावर मारतो तेवढा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अर्धा वेग-ऱ्हास. गाडीचा गुरुत्वमध्य 65 सेंमी उंच धरला आणि चाकांमधलं अंतर 3.1 मीटर, तर पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे 100 किलो सरकून येतात. आर्मच्या रचनेमुळे त्यातला काही भाग थेट चासीला जातो, हे खरं. पण गायमुखच्या उतारावर रस्त्याचा उतारच पुढच्या चाकांवर भर घालतो, आणि ब्रेक मारतानाच खड्डा आला तर त्याचा गचका वेगळा.

89 किलोंची मुभा आणि 100 किलोंचा भार. म्हणजे मित्राची गाडी नेमकी जेव्हा थांबायला हवी असते तेव्हाच पुढून बंप स्टॉपवर बसते. त्या क्षणी स्प्रिंग जणू नाहीशी होते, चाकाला वर जायला जागा राहत नाही, रबर जेवढं दबेल तेवढीच. पुढची खडी किंवा मेट्रोच्या कामाचा लोखंडी पत्रा आला की टायर रस्ता सोडतो, आणि स्टिअरिंग त्याच टायरवर असतं. पाऊस पडत असताना हे कसं होतं ते मी एकदा कासारवडवलीपाशी अनुभवलं आहे. तेव्हा माझ्याही गाडीला अशीच मऊ स्प्रिंग होती. गाडी वळली नाही, सरळ दुभाजकाकडे निघाली. वेग कमी होता म्हणून निभावलं. लेख लिहायचं मूळ कारण तेच.

कोनाची दुरुस्ती केल्यावर माझी स्वतःची 100 ची स्प्रिंगही आता मला थोडी कमी वाटते. लेखात 165 किलोंची मुभा लिहिली होती, प्रत्यक्षात 146 च आहे. मूळ हिशेब खरा करायचा तर 113 न्यूटनच्या आसपासची हवी, म्हणजे अमेरिकन 650 ची. ती मागवतो आहे. तिच्यावर गाडी सेकंदाला 1.4 वेळा डुलेल, मित्राची एकदाच. माझी कडक लागेल, आणि ते मी मान्य करून घेतलं आहे. चाल कमी ठेवायची आणि मऊपणाही हवा, हे दोन्ही एका गाडीत होत नाही. मित्राने अशी स्प्रिंग घेतली तर सोबत शॉकही बदलावा लागेल. 61 वरून 113 वर गेलं की स्प्रिंग पावणेदोनपटीहून जास्त कडक होते, आणि तिला परत येताना आवरायला शॉकचा रिबाउंडही (उघडतानाचा विरोध) साधारण एक-तृतीयांशाने जास्त लागतो. जुन्या शॉकवर कडक स्प्रिंग बसवली की गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळत राहते, आणि दोष स्प्रिंगला दिला जातो.

स्प्रिंगखालच्या आट्यांवर फिरणाऱ्या रिंगबद्दल तुम्ही लिहिलंत की मिस्त्रींनी चार आटे आवळल्यावर मित्राची गाडी कडक झाली. सरळ गुंडाळीची स्प्रिंग आवळल्याने कडक होत नाही, गाडी वर उठते. आट्याची पायरी 2 मिमीची असेल तर चार आटे म्हणजे 8 मिमी, आणि चाकापाशी ते 14 मिमी होतात. गाडी 14 मिमी वर आली आणि बंप स्टॉपपासून तेवढी सुटली. आपटणं थांबलं, म्हणून ती ‘कडक’ वाटली. मिस्त्रींचा हात बरोबर पडला होता, कारण वेगळं होतं. आणि त्यातून हेही कळतं की आधी ती गाडी बंप स्टॉपवरच चालत होती.

मडगार्ड ते जमीन हे माप मी का टाळतो? त्यात टायर येतो, टायरमधली हवा येते आणि फरशीही येते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला नाल्याकडे उतार आहे. तिथे डाव्या-उजव्या बाजूच्या मापांत फरक दिसला म्हणून मी एकदा अख्खा दिवस रिंगा फिरवत बसलो होतो, दोष जमिनीत होता. टायर झिजला की तेही पाच-सहा मिमी खातं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापलं तर हे सगळं बाजूला राहतं, फक्त सस्पेन्शन उरतं. आणि जॅकवरून उतरवल्यावर लगेच मापू नका, बुश अडकून गाडी उंच उभी राहते. दहा फूट पुढे-मागे करा, बोनेटवर दोनदा दाब द्या, मग टेप धरा.

स्प्रिंग कापण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मीही एका परिच्छेदात उत्तर देतो. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग एक पंचमांश कडक होते. तेवढं ऐकून ठीक वाटतं. पण लांबी कमी झाल्याने चाक लटकल्यावर ती आपल्या बैठकीतून सैल सुटू शकते आणि परत येताना वाकडी बसू शकते. गॅसच्या ज्वाळेने तापवून बसवणं याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं. अशी सैल सुटण्याची भीती 650 च्या नव्या स्प्रिंगला आहे का, हे मी आधीच हिशेबाने तपासलं आहे. उभ्या गाडीत ती 69 मिमी दबलेली असेल, चाक पूर्ण लटकलं तर शॉक 34 मिमी लांबेल, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त दाब तेव्हाही शिल्लक राहील.

मागच्या पाट्यांबद्दल मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. पाटा फक्त वजन पेलत नाही, तो मागचा आख्खा अॅक्सल जागेवर धरून ठेवतो. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, आणि ब्रेक मारल्यावर अॅक्सल गरगर फिरू नये यासाठीही. पाटे काढून कॉइलओव्हर लावायचं तर ही सगळी कामं करायला चार लिंक लागतात, बहुतेक वेळा आडवा पॅनहार्ड रॉडही, आणि त्यांचे ब्रॅकेट चासीला वेल्ड करावे लागतात. हौद्यात माल टाकला की आणखी एक अडचण येते. रिकाम्या गाडीला बसवलेली कॉइल 400 किलोंवर बसून जाते. पाट्यांच्या गठ्ठ्यात मात्र खालचा मदतीचा जाड पाटा वजन वाढलं की आपोआप कामाला लागतो. माझ्या हौद्यात महिन्यातून दोनदा गावाकडचे तांदूळ आणि नारळ येतात. पाटे राहणार.

चासी कापणं-वेल्ड करणं मी करणार नाही, त्याचं आणखी एक कारण कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच-04 असो की एमएच-43, काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा.

मग ठाण्यात गाडी खाली करायचीच कशाला? मला ती तशी आवडते. वळणावर कमी कलते, चढायला-उतरायला आईला सोपी पडते, आणि हौद्यात माल टाकताना माझी कंबर वाचते. पण 50 मिमीपेक्षा खाली मी जाणार नाही, आणि ते गतिरोधकांमुळे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच हवा, 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्यावर 3.1 मीटर अंतराची चाकं मधोमध आली तर पोटाखालून तो जेमतेम 71 मिमी वर येतो, कारण चाकंही त्याच उंचवट्यावर असतात. माझ्या पोटाखाली 160 मिमी आहेत. आरामात जाते. अडचण येते ती सोसायटीच्या फाटकाशी बांधलेल्या दोन फूट रुंद, 15 सेंमी उंच उंचवट्याची. तिथे चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि उंचवटा बरोबर पोटाखाली. उरतात 10 मिमी, आणि चाकाने जरा चाल वापरली की तेही संपले. वाघबीळच्या एका फाटकाशी मी गाडी तिरकी घेतो, एकेक चाक चढवून. आणखी 20 मिमी खाली केली तर त्या फाटकातून आत जाताच येणार नाही.

आता एक विनंती, दादा. मित्राच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही शॉकच्या चकचकीत दांड्यावर एकेक प्लास्टिकचा झिप टाय बांधा, शॉकच्या बॉडीला टेकवून, बोटाने सरकेल इतका सैल. बंप स्टॉप शॉकच्या दांड्यावरच असेल तर टाय त्याच्या खाली बांधा. मग पाम बीचवरून नाही, घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन या, वाटेत रस्ता मोकळा आणि मागे कोणी नसताना एकदा जोरात ब्रेक मारा. परत आल्यावर टाय बॉडीपासून किती सरकला आणि बंप स्टॉपपासून किती लांब राहिला, ही दोन मापं मला लिहून पाठवा. मित्राची गाडी कुठली आहे तेही सांगा, म्हणजे तिच्या आर्मचा हिशेब आपल्याला एकत्र करता येईल.